प्रकल्प नोंदी : सध्या कुठल्या ओपनिंगची हवा?

३ मे २०२५, जळगाव

आखाजी उरकली, गल्लीतले पत्त्यांचे डाव उठले. आता बुद्धिबळाकडे बघायला घरचेही अडवणार नाहीत.

काम असं: गणपतीत आमची रॅपिड स्पर्धा असते. हॉलच्या भिंतीवर यंदा एक मोठा तक्ता लावायचा. कुठली ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरीव चाली) कधी वर आली, कधी मागे पडली, आणि कशामुळे. विषय एका नववीतल्या पोराने दिला. शिबिरात म्हणाला, "सर, बीजीएमआयमध्ये अपडेट आलं की सगळ्यांची गन बदलते, मेटा बदलतो. चेसमध्ये अपडेट येतच नाही. मग सगळे एकदम लंडनच का खेळायला लागले?"

बीजीएमआय हा मोबाइलवरचा गेम, मेटा म्हणजे त्या घडीला सगळे वापरतात ती पद्धत, आणि लंडन ही पांढऱ्याची एक ओपनिंग. पोराने नेमकी जागा पकडली आहे. बुद्धिबळातलं शेवटचं खरं मोठं अपडेट म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला मिळालेली लांब चाल. त्यानंतर नियमांत किरकोळ डागडुजीच झाली. म्हणजे गेल्या दोनशे वर्षांत खेळ जो काही बदलला, तो नियमांमुळे नाही. मग कशामुळे?

माल तीन ठिकाणचा: मोठ्या खेळाडूंच्या डावांच्या पीजीएन (चाली लिहिलेल्या) फाइली, लिचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट दर महिन्याला खुले करते ते डाव, आणि भुसावळच्या नानांच्या वह्या. पहिले दोन कुणालाही मिळतील. वह्या फक्त आपल्याकडे.

११ मे, भुसावळ

सकाळी आठलाच फरशी तापलेली. नाना रेल्वेतून निवृत्त. त्यांच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात रोज संध्याकाळी डाव बसायचे आणि ते लिहून ठेवायची शिस्त नानांनी लावली होती. सगळ्यात जुनी वही साठच्या दशकातली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मजकूर शाबूत. फोनवर पानं स्कॅन केली. नावं टाइप करणार नाही, फक्त वर्ष आणि चाली.

चाली जुन्या पद्धतीच्या, त्याही मराठी आद्याक्षरांत. 'प्या-रा४', 'घो-राउं३'. म्हणजे प्यादं राजाच्या चौथ्या घरात, घोडा राजाच्या उंटाच्या तिसऱ्या घरात. आपण आज ई४ आणि घोडा एफ३ म्हणतो तेच. फरक इतकाच की या पद्धतीत पांढरा आणि काळा दोघंही घरं आपापल्या बाजूने मोजतात, त्यामुळे एकाच घराला दोन नावं. फिडे या जागतिक संघटनेने ही पद्धत १९८१ मध्ये अमान्य केली. नानांच्या वहीत ती त्यानंतरही चालूच आहे.

जेवायला कळण्याची भाकरी आणि ठेचा. नानांना विचारलं, किंग्ज गॅम्बिट (सुरुवातीलाच प्यादं देऊन हल्ला करायची ओपनिंग) वह्यांमध्ये एवढा दिसतो आणि मग एकदम गायब, असं का? ताटातून मान वर न करता म्हणाले, "आते कोन खेळस भो तो? बठासले उत्तर माहीत शे."

म्हणजे, आता तो खेळतं कोण, सगळ्यांना उत्तर माहीत आहे. हे वाक्य तक्त्यावर घ्यायचं का, ते नंतर बघू.

१८ मे

वह्यांतल्या चाली वाचून पटावर खेळवणारा प्रोग्रॅम (पार्सर) लिहितोय, पायथन-चेस या तयार कोडवर. एका डावाने दोन संध्याकाळी खाल्ल्या. तो इथे तपशिलात लिहून ठेवतो, पुढे कुणी हे काम घेतलं तर उपयोगी पडेल.

चार घोड्यांची सुरुवात, पांढऱ्याने दोन्ही मधली प्यादी दोन-दोन घरं ढकललेली, काळ्याचं कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) झालेलं. त्याआधी पांढऱ्याची चाल लिहिलीय 'उं-घो५'. आता घोड्याचं पाचवं घर दोन बाजूंना आहे, बी५ आणि जी५. पांढऱ्याचा एक उंट इकडे जाऊ शकतो, दुसरा तिकडे. लिहिणाऱ्याने बाजू लिहिली नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पट होता. ठीक, पुढच्या चालीवरून कळेल म्हटलं. पुढे 'उं×घो'. दोन्ही उंटांसमोर घोडाच! त्याच्या उत्तरात 'घोप्या×उं'. बी प्याद्याने मारलं तरी घोड्याचं प्यादं, जी प्याद्याने मारलं तरी घोड्याचंच. आरशातल्यासारखे दोन डाव शेजारी-शेजारी चाललेत आणि दोन्ही कायदेशीर.

निकाल लावला पांढऱ्याच्या कॅसलिंगने. वहीत '००' आहे, म्हणजे राजाच्या बाजूचं. मारामारी जी५ वरच्या उंटाने केली असेल तर दुसरा उंट अजून एफ१ वर बसलेला आहे आणि कॅसलिंग होऊच शकत नाही. ती फांदी मेली.

तेव्हा पार्सरचं धोरण हेच: संदिग्ध चाल आली की शक्य तेवढे सगळे पट जिवंत ठेवायचे, प्रत्येकावर पुढची चाल खेळून बघायची, जो अडेल तो टाकायचा. शेवटी एकापेक्षा जास्त पट उरले तर डाव बाजूला काढून नानांना विचारायचं. नानांना बहुतेक वेळा आठवतं, आणि नाही आठवलं तर चहा तरी होतो.

१ जून

मास्टरांच्या डावांवर पहिली गाळणी चालवली. लंडनचा आलेख जवळपास सपाट आला. हे शक्यच नाही, गेली दहा वर्षं ज्याच्या-त्याच्या तोंडी लंडन आहे.

घोळ ईसीओ कोडांत, म्हणजे ओपनिंगना दिलेल्या क्रमांकांत आहे. ए०० ते ई९९ अशी ही पाचशे खणांची मांडणी बेलग्रेडच्या 'इन्फॉर्मेटर'वाल्यांनी रूढ केली, त्यांचे विश्वकोशाचे खंड सत्तरच्या दशकात आले. त्या काळी ज्याची चलती, त्याला जागा जास्त. किंग्ज इंडियनला ई६० ते ई९९, चाळीस खण. नायडॉर्फला बी९० ते बी९९, पूर्ण दहा. लंडनला स्वतःचं असं घरच नाही. काळा कसा खेळला त्यावर तो डी०२ मध्ये जातो, नाही तर ए४८, ए४६, आणि उंट दुसऱ्याच चालीला बाहेर काढला तर ए४५ किंवा डी००. तिथे त्याच्या शेजारी भलतीच बिऱ्हाडं. मोजायचं मापच एका काळाच्या फॅशनवर बेतलेलं आहे.

म्हणून लंडन कोडावरून ओळखायचा नाही, पटावरून ओळखायचा. आठव्या चालीपर्यंत पांढऱ्याचं प्यादं डी४ वर, एक ई३ वर, काळ्या घरांतला उंट एफ४, जी३ किंवा एच२ वर, आणि सी प्यादं सी४ ला गेलेलं नसावं. गाळणी पुन्हा चालवली. आता आलेख उठतो, २०१०च्या दशकाच्या मध्यापासून चांगलाच.

दुपारी वीज गेली, आलेख अर्धवट राहिला.

१५ जून

पाऊस पडला. गावाकडे कापसाची लगबग, त्यामुळे भावाची मदत दोन आठवडे विसरायची. मी बसून जुन्या काळाची पट्टी लिहिली.

१८५१, लंडन: अँडरसनने कीझेरित्स्कीविरुद्ध किंग्ज गॅम्बिटमध्ये उंट, दोन्ही हत्ती आणि शेवटी वजीरही देऊन मात केली. त्या काळात समोरच्याने दिलेलं मोहरं न घेणं म्हणजे भेकडपणा. मग स्टाइनिट्झ आला. मिळालेलं प्यादं घ्या, बचाव करा, छोटे फायदे साठवा. १८८६ ची पहिली अधिकृत विश्वविजेतेपदाची लढत त्याने झुकरटॉर्टविरुद्ध जिंकली. बचाव जसा लोकांना जमायला लागला, तसे गॅम्बिट ओसरले. बुद्धिबळाचं संगणकी इंजिन आज सांगतं की किंग्ज गॅम्बिटमध्ये पांढऱ्याचा सुरुवातीचा फायदा जातो, पण डाव हरत नाही. म्हणजे १८५१ चे लोक काही अडाणी नव्हते, समोरचे बचावात कच्चे होते आणि त्यांना ते माहीत होतं.

१९२७, ब्युनॉस आयर्स: कापाब्लांका आणि अलेखिन, चौतीस डाव, त्यातले बत्तीस क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड. एकच ओपनिंग महिनोन् महिने. आणि गंमत म्हणजे तीनच वर्षं आधी न्यूयॉर्कला रेटीने पहिल्या चालीला घोडा एफ३ ला काढून, सुरुवातीला मधली प्यादी पुढे न ढकलताच, आठ वर्षं न हरलेल्या कापाब्लांकाला हरवलं होतं. नवीन गोष्ट सिद्ध होऊनही मोठी लढत जुन्यावरच झाली. विजेतेपद पणाला लागलं की कुणी नवे कपडे घालून बघत नाही.

तक्त्यावर एक चौकट खास आपल्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी आणि स्कॉटिश वकील कॉक्रन यांचे पुष्कळ डाव झाले, कॉक्रनने ते लिहून ठेवले म्हणून टिकले. आपल्याकडच्या देशी नियमांत प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नसे. त्यामुळे बॅनर्जी सवयीने प्यादी एकेक घर सरकवत, उंट कोपऱ्यातून रोखत. १८५५ च्या एका डावात तर त्यांनी चक्क ग्रुनफेल्ड बचाव खेळलाय, ग्रुनफेल्डच्या १९२२ च्या डावांच्या सदुसष्ट वर्षं आधी. 'इंडियन डिफेन्स' हे नाव याच घराण्याचं. युरोपाने तेव्हा त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. चाल चांगली असणं आणि तिची हवा होणं, या दोन गोष्टी वेगळ्या.

२२ जून

बर्लिनचा दिवस. प्रकल्पाचा कणा मला इथे सापडला असं वाटतं.

२००० साली लंडन शहरात विश्वविजेतेपदाची लढत, कास्पारोव्हविरुद्ध क्रॅमनिक. कास्पारोव्ह ई४ खेळला की क्रॅमनिक बर्लिन काढायचा. रुय लोपेझमधला जुना, एकोणिसाव्या शतकातला, धूळ खात पडलेला बचाव. आठव्याच चालीला दोन्ही वजीर पटाबाहेर, काळ्याचा राजा मधोमध उघडा, कॅसलिंगचा हक्क गेलेला, प्यादी दुमडलेली. पुस्तकं म्हणायची पांढऱ्याला बरं. चार डावांत कास्पारोव्हने ती भिंत फोडायचा प्रयत्न केला, चारही बरोबरीत. पूर्ण लढतीत त्याला एकही डाव जिंकता आला नाही आणि विजेतेपद ८.५–६.५ ने गेलं.

पुढची पंधरा वर्षं आलेखात बघण्यासारखी आहेत. आधी बर्लिन चढतो. मग ई४ खेळणारे त्याला वळसा घालतात: चौथ्या चालीला कॅसलिंगऐवजी डी३, किंवा उंट बी५ ला न नेता सी४ ला, म्हणजे संथ इटालियन. त्यामुळे इटालियन वर येतो. ती ओपनिंग तर शिबिरात पहिल्या दिवशी शिकवतात! बर्लिन कुणी खोटा पाडला का? नाही, आजही तो भक्कमच आहे. लोक फक्त त्याच्या वाटेला जाईनासे झाले.

भाऊ फोनवर सांगत होता, गेल्या साली ज्याला भाव मिळाला त्याचाच यंदा शिवारभर पेरा, आणि सगळ्यांनी पेरलं की भाव बसतो. ओपनिंगचं गणित याहून वेगळं नाही. तिची किंमत ती स्वतः किती चांगली आहे यावर जेवढी, तेवढीच समोरच्याने ती किती घोटून ठेवली आहे यावर. नानांचं 'बठासले उत्तर माहीत शे' तक्त्यावर जाणार, मोठ्या अक्षरांत.

६ जुलै, रविवार वर्ग

पोरांसमोर कच्चा तक्ता ठेवला. वाद पेटला. एक मुलगा हट्टाला पेटलेला: "पण सर, बुद्धिबळ तेच राहिलं ना! मेटा तेव्हाच म्हणायचा जेव्हा गेम बदलतो." त्याला आठवीतल्या एका मुलीने उत्तर दिलं, "गेम नाही बदलत, समोरचा बदलतो." मग मी हत्यारांचा मुद्दा मांडला. १९६६ मध्ये 'इन्फॉर्मेटर' सुरू झालं, निवडक डाव एका जाड अंकात मिळायला लागले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी चेसबेस आला, प्रतिस्पर्ध्याचे सगळे डाव एका बटणावर. १९९७ ला डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हला हरवलं. डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमने स्टॉकफिश या इंजिनविरुद्धच्या शंभर डावांत अठ्ठावीस जिंकले, बहात्तर बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. स्टॉकफिशला दिलेल्या अटींवरून बरीच बोंब झाली, ती रास्तही होती. पण डाव पाहून सगळे चाट पडले: कडेचं एच प्यादं सुसाट पुढे, समोरच्या राजाच्या उरावर. आपण लहानपणी असं खेळलो की सरांच्या शिव्या खायचो. पुढे ग्रँडमास्टरही ते करायला लागले. ग्रुनफेल्ड किंवा किंग्ज इंडियनच्या तयारीत असलेल्या काळ्यापुढे तिसऱ्याच चालीला एच४! कार्लसनने स्वतः २०१९ मध्ये अल्फाझीरोचा आपल्या खेळावर परिणाम झाल्याचं सांगितलं.

"म्हणजे इंजिन हेच अपडेट," हट्टी मुलगा म्हणाला. अर्धं मान्य. आज इंजिन फुकटात फोनवर आहे, आणि ते बहुतेक बऱ्या ओपनिंगला 'बरोबरी' म्हणून मोकळं होतं. मग निवडायचं कशावरून? जे समोरच्याने कमी पाहिलंय त्यावरून. २०२३ च्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत चीनच्या डिंगने लंडन खेळून नेपोम्नियाशीला एका डावात हरवलं. २०२४ ला सिंगापूरमध्ये त्याने गुकेशविरुद्ध पहिल्याच डावात फ्रेंच बचाव काढला आणि काळ्याकडून जिंकला. सर्वोच्च पातळीवर फ्रेंच म्हणजे जवळजवळ अडगळीतली वस्तू. गुकेशने पुढे लढत ७.५–६.५ ने जिंकली ती गोष्ट वेगळी.

यादीत आणखी दोन नावं टाकायची आहेत. १९७२ मध्ये रेक्याविकला सहाव्या डावात फिशर, जो जन्मभर ई४ चा जप करायचा, त्याने सी४ खेळून स्पास्कीला क्वीन्स गॅम्बिटमध्ये हरवलं. आणि २००८ ला बॉनमध्ये आनंदने ई४ बाजूला ठेवून क्रॅमनिकपुढे डी४ आणलं, वर काळ्याकडून मेरान या ओपनिंगमध्ये तिसरा आणि पाचवा डाव जिंकला. दोघांनीही समोरच्याची वर्षभराची तयारी कचऱ्यात घातली.

२० जुलै, भुसावळ

वह्यांचा निकाल हाती आला. डाव थोडे, माणसं तीच-तीच, त्यामुळे टक्केवारी तक्त्यावर देणार नाही. पण कल लपत नाही. साठच्या दशकात ई४ ई५ आणि त्यात गॅम्बिट भरपूर. १९७२ नंतरच्या वह्यांमध्ये सिसिलियन (ई४ ला सी५ ने उत्तर) शिरतं, आणि तेही एकदम नाही. आधी एकच माणूस खेळतो, बाकीचे त्याच्याकडून मार खातात, मग तेही खेळायला लागतात.

तो एक माणूस म्हणजे नानाच. कुणी सहकारी ड्यूटीवर मुंबईला निघाला की त्याला पुस्तक सांगून ठेवायचं. ते हाती यायला सहा महिने, वर्ष. आलेलं पुस्तक नाना कुणाला दाखवायचे नाहीत. "दाखाडं का मंग जिकनं कसं?" (दाखवलं तर मग जिंकणार कसं?) म्हणाले, आणि पोट धरून हसले. साऱ्या व्हरांड्याचा मेटा एका कपाटाच्या किल्लीवर चालायचा!

ही चौकट मला बर्लिनच्या चौकटीपेक्षा जास्त आवडली आहे. तक्त्यावर तिला मोठी जागा.

२९ जुलै

काल बातुमीला दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. नागपूरची, एकोणीस वर्षांची, आणि यातूनच ग्रँडमास्टर झाली. आज वर्गात काम शून्य. सगळ्यांना दिव्या काय खेळते ते शिकायचंय. काय खेळते ते ठाऊक नाही, पण शिकायचंय. हवा अशीही तयार होते. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता, आता केला.

१० ऑगस्ट

लिचेसच्या एका महिन्याच्या डावांचा तुकडा घेऊन रेटिंगच्या पट्ट्या पाडल्या. पूर्ण फाइल माझ्या लॅपटॉपच्या कुवतीबाहेरची.

मेटा एक नसतो, प्रत्येक पट्टीचा वेगळा. वरच्या पट्टीत सिसिलियन जास्त, खाली ई५ जास्त. ग्रँडमास्टरांच्या संथ डावांत जवळपास दिसेनासा झालेला किंग्ज गॅम्बिट ऑनलाइन ब्लिट्झमध्ये मजेत जगतोय. तीन मिनिटांच्या घड्याळावर बचाव आठवायला वेळ कुणाला? तिथे अजून १८५१ च चालू आहे. लंडनचंही कोडं इथेच सुटतं. मोठे खेळाडू तो खेळतात समोरच्याची तयारी टाळायला, आपली पोरं खेळतात स्वतःची तयारी टाळायला. चाली त्याच, कारणं उलटी.

माझं मत विचारलं तर, चौदा वर्षांखालच्यांनी लंडन वर्षभर बंद ठेवावा. पालकांना हे पटत नाही, कारण लंडनने अर्धे गुण लवकर हाती येतात. वाद नको म्हणून तक्त्यावर हे लिहीत नाही.

१७ ऑगस्ट

छपाईवाल्याने फ्लेक्सची मापं मागितली. १९०० आधीची पट्टी आखूड केली, त्याशिवाय नानांच्या कपाटाला जागा मिळत नव्हती. रंग चारच: गॅम्बिट लाल, ई५ पिवळा, सिसिलियन हिरवा, डी४ चं सगळं निळं. लंडनला निळ्यावर तिरप्या रेघा, कारण पोरं आधी तोच शोधणार.

नानांनी नमुना पाहिला. बॅनर्जींच्या चौकटीशी बराच वेळ थांबले, मग पट मागवला आणि १८५५ चा डाव मांडायला लावला. शेजारी बसलेल्या आठवीतल्या मुलीला म्हणाले, "हाई पाय, यानं उत्तर कोनलेच येत नही." ती म्हणाली, "नाना, फोनला येतं." नाना म्हणाले, "फोन काय स्पर्धाम्हा खेळाले येवाव शे का?"

२४ ऑगस्ट

पोळा झाला, फ्लेक्स आला. डी०२ च्या ठिकाणी 'डी ०२' अशी फट पडली आहे, चालेल. राहिलेली कामं: संदिग्ध डावांचा गठ्ठा नानांकडे न्यायचा, पार्सर सगळ्यांसाठी खुला करायचा, आणि स्पर्धेत प्रत्येक पटावरच्या पहिल्या दहा चाली लिहून घ्यायला दोन पोरं नेमायची. आठवीतली मुलगी तीन दिवसांपासून कुणालाच तिची वही बघू देत नाहीये.